दिवसभराचा शीण आणि संध्याकाळचा फेरफटका

शाळा सुटल्याची घंटा होते. शेवटच्या तासाचा गोंगाट ओसरतो, वह्यांचा गठ्ठा कपाटात जातो आणि आपण घराकडे निघतो. घरी येऊन चपला काढल्या, चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलो की मग उठवत नाही. 'आज अंगात त्राणच उरले नाही' असे आपण म्हणतो आणि ते अगदी मनापासून म्हणतो. अशा वेळी कोणी 'चला, जरा फिरून येऊ' असे सुचवले तर त्याचा रागच येतो.

पण याच्या उलट अनुभवही बहुतेकांच्या गाठीशी असतो. एखाद्या संध्याकाळी घरातले दूध संपलेले असते, किंवा पाहुण्यांना एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायचे असते. कुरकुरत का होईना, आपण निघतो. वीस-पंचवीस मिनिटे चालणे होते. परतताना लक्षात येते की डोके हलके झाले आहे, दुपारी शिक्षकखोलीत झालेली वादावादी आता तितकी बोचत नाही आणि मघाशी अवघड वाटणारी कामे आता होतील असे वाटते. थकलेल्या शरीराला आणखी श्रम दिले तर थकवा वाढायला हवा. इथे तो कमी झाला. हे कसे?

आमचाही दिवस प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर बसून जातो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला परका नाही. गेल्या काही दशकांत शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी त्याचा बराच पाठपुरावा केला आहे. त्यांच्या हाती काय लागले ते पाहू.

थकले कोण?

मराठीत थकव्याला बरेच शब्द आहेत. डोंगर चढून आलो की आपण 'दमतो'. दिवसभर हिशेब तपासले की 'शिणतो'. सुटीच्या दिवशी दुपारभर लोळलो तर 'मरगळ' येते. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांच्यामागच्या शारीरिक घटना वेगळ्या आहेत.

स्नायू दमतात तेव्हा त्यांच्या पेशींमधील रासायनिक परिस्थिती बदललेली असते. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात इंधन साठवलेले असते. प्रौढ माणसाच्या सर्व स्नायूंमध्ये मिळून ते साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत हा साठा खरोखरच संपत येतो. पण वर्गात उभे राहून शिकवताना किंवा टेबलाशी बसून वह्या तपासताना त्याला फारसा धक्का लागत नाही. ६० किलो वजनाच्या माणसाला स्वस्थ बसायला तासाला सुमारे ६० किलोकॅलरी लागतात आणि झपाझप चालायला २०० ते २४०. शिकवण्याचे काम या दोहोंच्या मध्ये, पण बसण्याच्या बरेच जवळ येते. म्हणजे संध्याकाळी 'त्राण उरले नाही' असे वाटते तेव्हा स्नायूंमधले इंधन बहुतांशी शिल्लक असते.

मग मेंदूचे इंधन संपते का? मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा वापरते तिच्या सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. मात्र अवघड गणित सोडवताना हा खर्च अगदी थोडाच वाढतो. तेव्हा इंधन संपल्याची कल्पना इथेही पुरेशी ठरत नाही. उत्तर दुसरीकडे शोधायला हवे.

परीक्षकाचे बोट

या शोधाची सुरुवात इटलीतील ट्यूरिन शहरात झाली आणि गंमत म्हणजे तिचा संबंध शिक्षकांशीच आहे. अँजेलो मोसो हे तेथील विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी 'एर्गोग्राफ' नावाचे एक साधे उपकरण तयार केले. हात एका जागी बांधून ठेवायचा, मधल्या बोटाला दोरी बांधून तिला वजन टांगायचे आणि ठरावीक लयीत बोट वाकवून ते उचलत राहायचे. प्रत्येक वेळी वजन किती उचलले गेले याची रेघ फिरत्या कागदावर उमटे. रेघा हळूहळू आखूड होत जात आणि शेवटी बोट वजन उचलेनासे होई.

मोसो यांनी आपल्या एका सहकाऱ्याच्या बोटाची अशी नोंद विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्यापूर्वी केली आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा केली. परीक्षकाने दिवसभरात बोटाने काहीच श्रम केले नव्हते. तरीही दुसऱ्या खेपेस बोट फार लवकर थकले. मोसो यांचे थकव्यावरचे पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा तर्क असा होता की श्रमामुळे काही द्रव्ये तयार होतात आणि रक्तावाटे शरीरभर पसरतात.

याच प्रश्नाकडे २००९ साली ब्रिटनमधील वेल्स येथे सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने पाहिले. त्यांनी १६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावले. एका दिवशी प्रत्येकाने ९० मिनिटे संगणकाच्या पडद्यावरील अक्षरांकडे सतत लक्ष ठेवण्याचे कंटाळवाणे व अवघड काम केले. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट पाहिले. दोन्ही दिवशी त्यानंतर व्यायामाची सायकल दमेपर्यंत चालवायची होती. माहितीपट पाहिल्यावर माणसे सरासरी ७५४ सेकंद टिकली आणि डोक्याला शीण आल्यावर ६४० सेकंद.

पण खरी महत्त्वाची नोंद पुढेच आहे. सायकल चालवत असताना हृदयाचे ठोके, रक्तातील लॅक्टेट, वापरला जाणारा प्राणवायू अशा गोष्टी मोजल्या होत्या. मेंदू शिणल्यामुळे त्यांत लक्षणीय फरक पडला नव्हता. फरक होता तो एकाच गोष्टीत. 'तुम्हाला हे काम किती कष्टाचे वाटते?' या प्रश्नाला शिणलेल्या दिवशी सुरुवातीपासूनच मोठा आकडा मिळत होता. स्नायू, हृदय आणि फुप्फुसे तयार होती, पण श्रमाचा अंदाज बांधणारा मेंदू त्याच कामाची किंमत जास्त लावत होता.

मेंदूत नेमके काय बदलते याचा एक धागा २०२२ साली पॅरिसमधील संशोधकांना सापडला. सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट या रसायनाचे प्रमाण वाढलेले दिसले. सोपे काम केलेल्यांत तसे दिसले नाही. मेंदूचा हा भाग मोह आवरणे, बेत आखणे, लक्ष टिकवणे अशी कामे करतो. ज्यांच्यात ग्लुटामेट वाढले होते, ती माणसे नंतर कमी कष्टाचे आणि लगेच फळ देणारे पर्याय अधिक निवडू लागली. संध्याकाळी फेरफटक्यापेक्षा खुर्ची आणि दूरदर्शन का जिंकतात, याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण म्हणता येईल.

घंटा वाजली तरी शाळा सुटत नाही

शिणाला दुसरीही एक बाजू आहे, ती म्हणजे ताण. वर्गात गोंधळ झाला, वरिष्ठांकडून बोलणी बसली, सायंकाळपर्यंत अहवाल द्यायचा आहे, अशा प्रत्येक प्रसंगी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू आखडतात. लढण्याची किंवा पळण्याची ही तयारी आहे, असे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले.

व्यायामाने ही साठलेली संप्रेरके 'जळून जातात' असे आपण पुष्कळदा ऐकतो. ते तितकेसे बरोबर नाही. रक्तातील अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांतच नाहीसे होते. कॉर्टिसॉलचे प्रमाणही नवीन भर पडली नाही तर तास-दीड तासात निम्म्यावर येते. त्यासाठी धावण्याची गरज नाही. अडचण अशी की नवीन भर पडत राहते. दुपारचा प्रसंग संपलेला असतो, पण आपण तो मनात पुन्हा पुन्हा घोळवतो. 'मी असे उत्तर द्यायला हवे होते' हा विचार आला की शरीरातली धोक्याची घंटा पुन्हा थोडी वाजते.

मायमन आणि मुल्डर या दोन डच मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली हे सूत्ररूपाने मांडले. काम करताना शरीराच्या ज्या यंत्रणा वापरल्या जातात, त्यांच्यावरचा भार उतरला की त्या आपोआप पूर्वस्थितीला येतात. भार उतरलाच नाही तर येत नाहीत. संध्याकाळभर शाळेचाच विचार करणाऱ्याची शाळा सुटलेलीच नसते, मग तो पलंगावर आडवा का पडलेला असेना. तेव्हा विश्रांती म्हणजे नुसते निश्चल राहणे नाही. ज्या यंत्रणेवर दिवसभर भार होता, तिला मोकळे करणे म्हणजे विश्रांती.

शंभर शिक्षकांच्या रोजनिशा

हे सूत्र प्रत्यक्षात उतरते का? जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल, कारण तो शिक्षकांवरच केलेला आहे. हॉलंडमधील १०० शिक्षकांनी पाच दिवस रोजनिशी ठेवली. शाळेनंतरचा वेळ कोणत्या गोष्टींत गेला, कामानंतर कसे वाटत होते आणि झोपण्यापूर्वी कसे वाटत होते, याच्या नोंदी त्यांनी केल्या.

सुरुवातीला मन:स्थिती कशी होती आणि दिवस किती धावपळीचा गेला हे हिशेबात धरूनही काही गोष्टी स्पष्ट दिसल्या. संध्याकाळी पुन्हा शाळेचेच काम करत बसणाऱ्यांना झोपण्याच्या वेळी कमी बरे वाटत होते. शारीरिक हालचाल, लोकांशी गप्पाटप्पा आणि कमी कष्टाचे विरंगुळे या तिन्हींचा परिणाम चांगला होता. म्हणजे व्यायाम हा एकमेव उपाय नाही, पण तो उपाय आहे खास.

१९७८ साली अमेरिकेत बार्की आणि मॉर्गन यांनी केलेला प्रयोग याला पूरक आहे. त्यांनी ७५ पुरुषांचे तीन गट केले. एका गटाने वीस मिनिटे चालपट्ट्यावर व्यायाम केला, दुसऱ्याने ध्यानासारखी शिथिलीकरणाची पद्धत वापरली आणि तिसरा गट आरामखुर्चीत शांत बसून राहिला. तिन्ही गटांतील अस्वस्थता कमी झाली! व्यायामाचा काही गुण हा निव्वळ रोजच्या विवंचनेतून थोडी सुटका मिळण्याचा असतो, हे यातून कळते.

मग शांत बसले तर काय बिघडले? तत्त्वत: काहीच नाही. पण त्या प्रयोगातली खुर्ची शांत खोलीत होती आणि आपली खुर्ची घरात असते. तिथे फोन वाजतो, उद्याच्या टाचणाची आठवण येते आणि मोकळे मन दुपारच्या प्रसंगाकडे वळते. चालताना वाट, खड्डे, वाहने, भेटणारी माणसे, श्वासाची लय यांत लक्ष गुंतते. शिवाय शरीराचा लाभ वेगळाच. दिवसभर उभे राहिल्यावर पायांत रक्त साचून घोटे जड होतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि सुटतात, त्यांच्यामधील शिरा पिळल्या जातात आणि रक्त हृदयाकडे ढकलले जाते. व्यायामानंतर काही तास रक्तदाबही किंचित खाली राहतो.

आनंदाचे रसायन

'व्यायामाने एन्डॉर्फिन सुटते आणि मन प्रसन्न होते' हे वाक्य आता पाठ्यपुस्तकांतही सापडते. त्यामागची कथा मात्र अजून पुरी झालेली नाही.

१९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूत अफूतील मॉर्फिनसारखे काम करणारी द्रव्ये शोधून काढली. या वर्गातल्या द्रव्यांना पुढे 'एन्डॉर्फिन' हे नाव रूढ झाले. जोराच्या व्यायामानंतर रक्तातील एन्डॉर्फिन वाढते हेही दिसले आणि व्यायामानंतरच्या आनंदाचे कोडे सुटले असे वाटले. पण एक शंका उरली. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणीवजा अडसर असतो आणि एन्डॉर्फिनचे मोठे रेणू त्यातून सहज पार होत नाहीत. तेव्हा रक्तात ते वाढले म्हणून मेंदूतही वाढले असे म्हणता येत नाही. २००८ साली म्युनिकमध्ये धावपटूंच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. त्यांवरून दोन तास धावल्यावर मेंदूतही अशी द्रव्ये सुटत असावीत असे दिसले. पण दोन तास धावणे वेगळे आणि वीस मिनिटांचा फेरफटका वेगळा.

दरम्यान दुसरे एक द्रव्य पुढे आले होते. १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून एक स्निग्ध रेणू वेगळा करण्यात आला. गांजातील द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहींवर बसते, त्याच ग्राहींवर हा आपल्याच शरीरात तयार होणारा रेणू बसतो. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले 'आनंदमाइड'. त्यातला 'आनंद' हा आपलाच, संस्कृतातून घेतलेला! हा रेणू स्निग्ध असल्यामुळे तो मेंदूचा अडसर ओलांडू शकतो. २००३ साली अमेरिकेत महाविद्यालयीन तरुणांवर केलेल्या प्रयोगात मध्यम वेगाने ५० मिनिटे धावल्यावर किंवा सायकल चालवल्यावर रक्तातील आनंदमाइड वाढलेले आढळले.

पण कोणते रसायन खरे कारण आणि कोणते नुसते सोबती, हे कसे ठरवायचे? वैज्ञानिक पद्धत अशी की एकेकाची वाट अडवून पाहायची. २०१५ साली जर्मनीत उंदरांवर हे करून पाहिले. चाकावर धावलेले उंदीर कमी भित्रे झाले आणि त्यांना वेदनाही कमी जाणवू लागली. आनंदमाइडसारख्या द्रव्यांचे ग्राही औषधाने अडवले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. एन्डॉर्फिनचे ग्राही अडवले तेव्हा तो तसाच राहिला. २०२१ साली जर्मनीतच ६३ माणसांवर असाच प्रयोग झाला. एन्डॉर्फिनची वाट अडवणारे औषध दिल्यावरही ४५ मिनिटे धावलेल्यांना उल्हसित वाटले आणि त्यांची अस्वस्थता कमी झाली. तेव्हा निदान मध्यम व्यायामाच्या बाबतीत तरी आनंदाचे श्रेय एन्डॉर्फिनला देण्यापूर्वी दोनदा विचार करायला हवा. वर्गात ते वाक्य आले तर ही हकीकत जरूर सांगावी. विज्ञान स्वत:ची दुरुस्ती कशी करते याचे ते चांगले उदाहरण आहे.

किती, आणि केव्हा?

व्यायाम जितका जास्त तितका आनंद जास्त, असे मात्र होत नाही. ज्या वेगाने चालताना आपण बोलू शकतो पण गाणे म्हणू शकत नाही, तो मध्यम वेग. या मर्यादेत बहुतेकांना बरे वाटते. वेग वाढून धाप लागू लागली, बोलणे तुटू लागले, की त्या वेळची मन:स्थिती बहुतेकांची बिघडते. कॉर्टिसॉलही हेच सांगते. २००८ सालच्या एका प्रयोगात हलक्या व्यायामाने ते कमी झाले, तर मध्यम आणि जोराच्या व्यायामाने वाढले. अर्थात हा वाढलेला कॉर्टिसॉल निरोगी माणसात थोड्या वेळाने उतरतो, त्याची धास्ती नको. पण ज्या दिवशी ताण फार झाला असेल, त्या दिवशी स्पर्धा करण्यापेक्षा रमतगमत चालणे शहाणपणाचे.

नव्याने सुरुवात करणारा पहिल्याच दिवशी जोर लावतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते आणि मग 'व्यायामाने थकवा वाढतो' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. या ठणक्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडण्याची प्रथा आहे, पण व्यायामानंतर वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात कमी होते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. ठणका एक ते तीन दिवसांनी वाढतो. त्याचे कारण सवय नसलेल्या कामामुळे स्नायुतंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिची दुरुस्ती. हळूहळू वाढवत नेले तर हा त्रास टळतो.

संध्याकाळी व्यायाम केला तर झोप उडते अशीही एक समजूत आहे. २०१९ साली झ्युरिकच्या संशोधकांनी २३ अभ्यास एकत्र तपासले. संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडत नाही, उलट गाढ झोपेत थोडी भरच पडते, असे त्यांना आढळले. फक्त जोराचा व्यायाम आणि झोप यांच्यात तासाभराचेही अंतर नसेल तर झोप लागायला वेळ लागू शकतो. रात्रीच्या जेवणापूर्वीचा फेरफटका या दृष्टीने निर्धास्त आहे.

ज्यांचे कामच अंगमेहनतीचे

आतापर्यंतचे विवेचन वर्गात, कार्यालयात किंवा दुकानात काम करणाऱ्यांना लागू आहे. दिवसभर विटा वाहणारा मजूर किंवा भातलावणी करून आलेली बाई यांना संध्याकाळी 'फिरायला जा' असे सांगणे ही थट्टा होईल. त्यांच्यावरचा भार स्नायूंवर, सांध्यांवर आणि हृदयावर होता. सूत्र तेच, पण त्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ बसणे, पाय वर करून पडणे असा होतो. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर अंगमेहनतीची कामे करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण १८ टक्के अधिक दिसले. गरिबीचा आणि राहणीमानाचा त्यात किती वाटा आहे, यावर वाद आहे. पण मोकळ्या वेळचा व्यायाम आणि पोटासाठीचे श्रम यांना एका मापाने मोजता येत नाही, एवढे खरे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. शाळेतून घरी येणाऱ्या शिक्षिकेची दुसरी पाळी घरात सुरू होते. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे. 'दिवसभर धावपळ होतेच, वेगळा व्यायाम कशाला?' असे तिलाच ऐकवले जाते. पण या धावपळीत मनावरचा भार उतरत नाही, पुढची दहा कामे डोक्यात घेऊनच ती वावरत असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत ५४ टक्क्यांहून अधिक प्रौढ शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. फुरसतीच्या वेळी व्यायाम वा खेळ करणारे १० टक्क्यांहून कमी होते आणि स्त्रियांची स्थिती पुरुषांपेक्षा वाईट होती. अशा वेळी इच्छाशक्तीवर व्याख्यान देऊन काही होत नाही. संध्याकाळी अर्धा तास कुकर कोणी लावायचा, हे घरात ठरले तरच फेरफटका होतो.

खुर्चीचा अंदाज चुकतो

आता पुन्हा सुरुवातीच्या खुर्चीकडे येऊ. व्यायाम करून किती बरे वाटेल याचा अंदाज माणसे आधीच बांधतात. कॅनडातील संशोधकांनी २०११ साली हे अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. लोकांना जितके बरे वाटेल असे वाटत होते, त्याहून अधिक बरे वाटले. चूक होण्याचे कारण असे की अंदाज बांधताना सुरुवातीची नकोशी मिनिटेच डोळ्यांसमोर येतात. याला मार्कोरा यांचा प्रयोग जोडला की चित्र पुरे होते. शिणलेला मेंदू श्रमाची किंमत वाढवून सांगतो आणि फळाची कमी करून. खुर्चीत बसून घेतलेला 'आज नको' हा निर्णय म्हणूनच फारसा विश्वासार्ह नसतो. निर्णय दुपारीच घेऊन ठेवावा, सोबती ठरवावा, किंवा घरी पोचण्यापूर्वीच एक थांबा आधी उतरून चालत यावे.

याची परीक्षा वाचकांनी स्वत:च घ्यावी. नववीपासून पुढचे विद्यार्थीही हा प्रयोग करू शकतील. कामाच्या २४ दिवसांची एक वही करा. रोज काम किंवा अभ्यास संपला की 'आत्ता कसे वाटते?' याला १ ते ५ पैकी गुण द्या. 'आज चालून आलो तर किती गुण होतील?' याचाही अंदाज लिहा. मग नाणे उडवा. छापा आला तर वीस मिनिटे चालायचे, काटा आला तर नेहमीसारखे बसायचे. तासाभराने आणि झोपण्यापूर्वी पुन्हा गुण द्या. शेवटी छापाच्या आणि काट्याच्या दिवसांच्या सरासऱ्या काढा, आणि छापाच्या दिवशी केलेला अंदाज प्रत्यक्ष गुणांशी ताडून पाहा.

नाणे कशाला, असे विद्यार्थी विचारतील. विचारू द्या. आपल्या मर्जीने चाललो तर बरे वाटत असलेल्या दिवशीच चालणे होईल आणि मग चालल्याने बरे वाटले की बरे वाटत होते म्हणून चाललो, हे कळणार नाही. नाणे ही गुंतागुंत सोडवते. एक दोष मात्र उरतोच. औषधाच्या परीक्षणात साखरेची गोळी देता येते, पण 'खोटे चालणे' देता येत नाही. आपण चाललो हे आपल्याला माहीत असते आणि अपेक्षेचा परिणाम गुणांवर होतो. व्यायामाच्या जवळजवळ सर्वच अभ्यासांत हा दोष असतो.

एक सावधगिरीची सूचना. शीण आणि नैराश्य या वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ साली अमेरिकेत नैराश्याने आजारी असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांवर केलेल्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर नियमित व्यायामाचा गुण औषधाइतकाच आला, पण सुरुवातीला औषधाने लवकर आराम पडला. तेव्हा आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि चालू औषध मनाने बंद करू नये. छातीत दुखणे किंवा अकारण धाप लागणे असेल तर व्यायामापूर्वी तपासणी करावी.

शेवटी एक विनंती. दहावीचे वर्ष आले की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला देऊन टाकण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आहे. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण सहा तास बाकावर बसलेल्या मुलाचा मेंदू शिणलेला असतो, त्याचे पाय नव्हे. सातव्या तासाला त्याला आणखी एक प्रमेय द्यायचे की मैदानावर सोडायचे, हे ठरवताना मोसो यांच्या त्या परीक्षकाचे बोट आठवावे. आणि मुले मैदानावर गेलीच, तर त्यांच्यामागून आपणही दोन फेऱ्या माराव्यात.